पवई तलावात ट्राउट किंवा बास मिळेल का?

भांडुपकर: नमस्कार. परदेशातील तलावांवर गळाने केलेल्या मासेमारीचे व्हिडिओ पाहून ट्राउट आणि बास या माशांची ओढ लागली आहे. स्पिनिंग रॉड, रीळ आणि थोडी ल्युअर (नकली आमिषे) घेतली आहेत. पवई तलावात हे मासे आहेत का, आणि नसल्यास त्यांचे बीज आणून सोडले तर ते जगेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तलावकाठ: दोन्ही मासे पवईत नाहीत. ट्राउटला साधारण २० अंशांखालचे, प्राणवायूने भरपूर पाणी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात तलावाचे पाणी चांगलेच तापते, आणि पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, त्यामुळे सोडलेले बीज टिकणार नाही. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून ब्राउन ट्राउट रुजला, तो तिथल्या बर्फाच्या पाण्यामुळेच. ट्राउटच हवा असेल तर हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात जावे. तिथे मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि विणीच्या हिवाळी महिन्यांत बंदी असते.

बास मात्र उष्ण पाणी सोसतो आणि मला भीती वाटते ती त्याचीच. ग्वाटेमालातील आतित्लान सरोवरात १९५८ च्या सुमारास हा मासा सोडला गेला. त्याने तिथले लहान मासे आणि खेकडे फस्त केले, आणि त्याच सरोवरापुरता असलेला एक पाणपक्षी पुढे कायमचा नाहीसा झाला, त्यामागे हेही एक मोठे कारण मानले जाते. आपल्या तलावांत तिलापिया या परक्या माशाने आधीच हातपाय पसरले आहेत. कृपा करून परके बीज कुठल्याही तलावात सोडू नका.

गळकरी: वरील मताशी पूर्ण सहमत आहे. बासची हौस मरळ भागवतो. तोही दबा धरून झडप घालणारा शिकारी आहे, आणि हवेतून श्वास घेत असल्यामुळे त्याला अधूनमधून पृष्ठभागावर यावेच लागते. जलपर्णीच्या कडेला पाणी हलून बुडबुडा फुटला की त्याच्या थोडे पुढे रबरी बेडूक टाकावा आणि हळूहळू ओढत आणावा. गळाचे टोक रबरात दडलेले असावे, नाहीतर प्रत्येक वेळी जलपर्णीच हाती येईल. माशाने बेडूक तोंडात घेतल्यावर क्षणभर थांबून मगच हिसका द्यावा; घाई केली तर बेडूक रिकामाच परत येतो.

पावसाळ्यात तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा पाण्यावर घोटाळताना दिसला तर तिथे गळ टाकू नये. खाली आईबाप राखण करीत असतात. ते गेले की इतर मासे पिल्लांचा फडशा पाडतात.

पवईला गळ टाकण्यापूर्वी तिथल्या अँगलिंग असोसिएशनकडे परवानगी आणि नियमांची चौकशी करावी. तलावात मगरी आहेत, म्हणून अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नये, सरळ तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तोडावा. विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव असल्याने तिकडे गळ घेऊन जाण्याचा विचारही नको.

भांडुपकर: दोघांचेही मनःपूर्वक आभार. बीज सोडण्याचा विचार सोडला. मरळासाठी तंगूस किती जाडीचा घ्यावा?

गळकरी: जलपर्णीतून मासा ओढून काढायचा असल्याने साध्या तंगुसापेक्षा विणलेली ब्रेडेड दोरी घ्यावी, ३० ते ५० पौंडांचा ताण सोसणारी.