मदत हवी आहे: प्रोग्राम संपल्यावर बीप वाजत नाही

ऐरोलीकर: पायथॉनचा कन्सोल प्रोग्राम आहे, काम संपलं की आवाज यायला हवा. विंडोजवर पायथॉनच्या विनसाउंड मॉड्यूलने मस्त वाजतो. लिनक्सवर ते इम्पोर्टच होत नाही, म्हणून बॅकस्लॅश ए प्रिंट केला, तर चिडीचूप. उद्या द्यायचंय, लवकर सांगा.

वागळे_इस्टेट: विनसाउंड फक्त विंडोजपुरतंच आहे. लिनक्स कुठलं? टर्मिनल, म्हणजे कमांडची खिडकी, कुठली?

कळव्याचे_काका: बॅकस्लॅश ए म्हणजे आस्की या अक्षर-कोडांच्या यादीतला ७ नंबर, बेल. टेलिप्रिंटरवर खरोखरची घंटा वाजायची. उबुंटू लिनक्समध्ये पीसीस्पीकरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या छोट्या स्पीकरचं, मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलेलं असतं, ते चालू करा.

वागळे_इस्टेट: काका, हल्लीच्या लॅपटॉपना तो स्पीकर असतो कुठे? वाजवायचं की नाही हे टर्मिनल ठरवतं. प्रोफाइलमध्ये टर्मिनल बेलवर टिक आहे का ते बघू दे आधी.

घणसोली_मॅक: मॅकच्या एएफप्ले कमांडने ग्लास डॉट एआयएफएफ वाजवा, सिस्टीमच्या साउंड्स फोल्डरमध्येच मिळेल. फार गोड आवाज आहे.

ऐरोलीकर: मॅक नाहीये हो. लिनक्स म्हणजे महापेचा सर्व्हर, घरून पुटी या प्रोग्रामने लॉगिन करतो.

कळव्याचे_काका: अहो, हे आधी सांगायचं! मग पीसीस्पीकर राहू दे, तो सर्व्हर रूममध्ये वाजेल.

वागळे_इस्टेट: बॅकस्लॅश ए मात्र एसएसएचमधून, म्हणजे त्या लॉगिनच्या जोडणीतून, तुमच्या लॅपटॉपपर्यंत येतो आणि पुटी वाजवतं. पुटीत टर्मिनलखाली बेल बघा, ‘नन’वर नाही ना? आउटपुट फाइलमध्ये वळवलंय का?

ऐरोलीकर: लॉगआउट केलं तरी प्रोग्राम चालू राहावा म्हणून नोहप लावतो, आउटपुट लॉग फाइलमध्ये जातं, नेहमीसारखं.

वागळे_इस्टेट: मग बेलही लॉगमध्येच पडतेय! स्लॅश डेव्ह स्लॅश टीटीवाय, म्हणजे थेट तुमचं टर्मिनल, उघडून बेल तिथे लिहा आणि फ्लश करा, म्हणजे ती लगेच जाईल. पुटी बंद केलेलं असेल तर टीटीवाय उघडणार नाही, म्हणून ट्राय-एक्सेप्टमध्ये टाका, म्हणजे प्रोग्राम अडणार नाही. आणि बेल एकदाच पाठवा. लागोपाठ पाठवल्या तर पुटी थोडा वेळ गप्प बसतं.

कोपरखैरणे_०९: एवढा खटाटोप कशाला? टेलिग्रामवर मेसेज पाठवा, फोन वाजेल.

वागळे_इस्टेट: कंपनीच्या सर्व्हरवरून टेलिग्राम उघडलं तर पाहिजे ना.

कोपरखैरणे_०९: आमच्याकडे उघडतं.

कळव्याचे_काका: रात्री घरचे झोपलेले असतील तर पुटीत टास्कबार लुकलुकवायची सोय आहे, तीही लावा.

ऐरोलीकर: वाजला!! वागळे, लाख धन्यवाद. विंडोजवरही विनसाउंड काढून हाच कोड चालेल का? दोन वेगळे कोड सांभाळायचे नाहीत.

वागळे_इस्टेट: बॅकस्लॅश ए चालेल, पण डेव्ह टीटीवाय तिथे नाही. त्याऐवजी कॉनआउट आणि पुढे डॉलर, या नावाने विंडोजचा कन्सोल उघडा. तेवढा एक इफ ठेवावाच लागेल.