मदत हवी आहे: जुन्या बुलेटची क्लच वायर लिव्हरपाशीच तुटते

प्रश्न: कास्ट आयर्न इंजिनची जुनी बुलेट 350 आहे. वर्षभरात दोन क्लच वायर तुटल्या, दोन्ही वरच्या निपलच्या (तारेच्या टोकाला असलेला धातूचा गोळा) अगदी तोंडाशी. गाडी वास्कोत, उघड्या शेडखाली असते. ग्रीस भरलं तरी क्लच जडच. शिवाय हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की रेस आपोआप वाढते. वायर हलक्या मिळतात की दोष दुसरीकडे आहे?

उत्तर: दोनदा एकाच जागी तुटली म्हणजे वायर बिचारी निर्दोष आहे. लिव्हर दाबताना निपल आपल्या भोकात फिरायला हवं. खाऱ्या हवेने ते गंजून बसलं की वायर दर दाबाला तिथेच वाकते. निपल जोडणाऱ्या डाखाने ती त्याच जागी ताठ झालेली असते, म्हणून बाहेरचे तंतू एकेक करून तुटतात. भोक बारीक पॉलिश पेपरने साफ करा, खाचेच्या काठावर धार आली असेल तर कानशीने घासून काढा. निपल बोटाने फिरलं पाहिजे. मग तिथे ग्रीसचा ठिपका लावा. ग्रीसची जागा एवढीच. आउटरमध्ये, म्हणजे तारेवरच्या नळीत, ते खाली उतरत नाही आणि धूळ धरून ठेवतं.

आत पातळ तेलच हवं. वायरचं वरचं टोक सोडवा, प्लास्टिक पिशवीचा कोपरा कापून आउटरवर रबरबँडने घट्ट बांधा, दोन चमचे शिलाई मशीनचं तेल ओता आणि वायर रात्रभर उभी टांगा. अधूनमधून आतली तार वरखाली करा. खालून आधी काळं, तांबूस तेल येईल. स्वच्छ थेंब पडेपर्यंत थांबा. आउटरच्या टोकाशी पांढरी नळी दिसली तर ती अस्तराची वायर, तिला तेल नको. लिव्हरला 2-3 मिमी मोकळी चाल ठेवा. चाल उरली नाही तर क्लच घसरतो, प्लेटी जळतात.

दुसरं उत्तर: रेस वाढते ते आधी बघा, ते धोक्याचं आहे. हँडल वळताना ॲक्सिलरेटरचं आउटर ताणलं जातंय: टाकीखाली अडकलंय, वायर बांधायचा टाय घट्ट आहे किंवा वायरच आखूड आहे. मोकळी करून मोठ्या वळणाने फिरवा, मग गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना नेऊन बघा. क्लचची नवी वायर घालताना शेजारून एक जादा ओढून ठेवा, दोन्ही टोकं टेपने बंद करून. वाटेत तुटली तर फक्त टोकं अडकवायची.

प्रश्नकर्ता: निपल पक्कडीनेसुद्धा फिरत नव्हतं, खाचेला धार होती. कानस मारली. ॲक्सिलरेटरचा टाय टाकीखाली घट्ट आवळलेला निघाला, तो कापला. आता रेस वाढत नाही. वायर तेल घालून टांगली आहे.