मदत हवी आहे: मृत्युपत्रावर साक्षीदारांच्या सह्या वेगवेगळ्या वेळी झाल्या

वडिलांनी मृत्युपत्रावर सकाळी सही केली तेव्हा एकच साक्षीदार हजर होता. दुसरे संध्याकाळी आले. वडिलांनी त्यांना कागद दाखवून "ही सही माझीच" असं सांगितलं आणि त्यांनी वडिलांसमोरच सही केली. तारीख एकच, पण पेनाची शाई वेगळी, ती लगेच डोळ्यात भरते.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चं कलम 63 वाचलंय. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असं त्यात नाही. नोटरी किंवा नोंदणी सक्तीची नाही, हेही माहीत आहे. तरी भावाच्या समाधानासाठी नोटरीकडे गेलो. "सही माझ्यासमोर झालेली नाही, शिक्का मारणार नाही," म्हणाले. त्यांचंही बरोबरच म्हणा.

वडील अंथरुणाला खिळलेत, पण पूर्ण शुद्धीत आहेत. डॉक्टरांचा दाखला जोडलाय. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. अडचण हाताची आहे. आता इतका थरथरतो की अंगठाच घ्यावा लागेल.

मग जुनाच कागद ठेवावा, की नोटरीला घरी बोलावून नवा करावा? नवा केला तर जुन्यावर सही आणि नव्यावर अंगठा, हा फरक कोर्टात आक्षेपाला निमित्त ठरतो का?