मदत हवी आहे: साखरेच्या गोळ्या चालू असताना अर्जुनसाल कशी द्यावी?

सोलापूर. वय 62, मधुमेह 14 वर्षं. साखरेसाठी ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन, ठोके-रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन, रक्त पातळ राहायला इकोस्प्रिन 75 चालू. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 8.1, एको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक. हृदय जपायला अर्जुनसाल, भिजवलेली मेथी आणि कारल्याचा रस सकाळी एकदमच सुरू करायचा विचार आहे. प्रमाण सांगा. दारच्या बिट्टीची मुळीही कुणी सुचवली आहे.

प्रतिसाद १
बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, आधी बाद करा. पिवळी काय नि तांबडी काय, कण्हेरीच्या मुळापासून बीपर्यंत सगळ्यात विष असतं. ठोके मंदावतात, कधी थांबतातच.

सालीचा क्षीरपाक, म्हणजे दुधात आटवलेला काढा, करतात. साल, दूध, पाणी 1:8:32. म्हणजे 5 ग्रॅम भरड, 40 मिली दूध, 160 मिली पाणी. मंद आचेवर 40 मिली उरेपर्यंत आटवायचं, गाळायचं, साखर नाही. रिकाम्या पातेल्यात आधी 40 मिली पाणी ओतून काडी बुडवा आणि ओल आली तिथे खूण करा; अंदाजाने केलं की पाणचट उतरतं. बारीक चूर्ण तळाशी बसून करपतं, म्हणून भरडच घ्या. साल बाहेरून राखाडी, आतून लालसर, चवीला तुरट हवी. गोळ्यांना पर्याय म्हणून मात्र नाही, आणि डॉक्टरांच्या कानावर घालूनच.

प्रतिसाद २
मला सालीपेक्षा कारल्याची धास्ती. रसही साखर उतरवतो, ग्लिमेपिराइडही. त्यात मेटोप्रोलॉलमुळे धडधड आणि थरथर दबते, उरतो फक्त घाम. सोलापूरच्या एप्रिलात तो उन्हाचा समजून घरचे पंखा लावतात! घाम आला की आधी ग्लुकोमीटर. 70 च्या खाली असेल तर 3 चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी.

मेथी 5 ग्रॅम पुरे, पण गोळ्यांपासून दोन तास लांब. तिचा बुळबुळीत गर औषध शोषायला आडवा येतो. एका वेळी एकच गोष्ट सुरू करा, नाहीतर साखर कशाने हलली ते कळणार नाही. आणि मालदांडी ज्वारीची असली तरी दोनाच्या तीन भाकरी झाल्या की मेथी बिचारी काय करणार?

धागाकर्ता
रस रद्द, कारल्याची भाजीच. तयार काढ्यात ज्येष्ठमध आहे, चालेल?

प्रतिसाद १
नको. ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. आणि ‘एको ठीक’वर निर्धास्त राहू नका, त्यात हृदयाचा पंप आणि झडपा दिसतात, रक्तवाहिनीतला अडथळा दिसेलच असं नाही. जुन्या मधुमेहात नसा बधिरल्याने छातीत दुखतच नाही, जिना चढताना नुसती धाप लागते. तशी नवीन धाप लागली तर काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी ईसीजी. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलंय? आकडे इथे टाका.