बारावी नापास, वय ४४, न्यू जर्सी: जीईडी करू की भारतातली बारावी पुन्हा?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते. लोणच्याच्या एका धाग्यावर मागे काहीतरी लिहिलं होतं, तेवढंच. आज लिहितेय कारण ओळखीतल्या कुणाला हे विचारता येत नाही.

मी कराडजवळच्या गावची. दहावी १९९७ साली झाली, मराठी माध्यम, ६१ टक्के. १९९९ला बारावी आर्ट्‌सला इंग्रजीत २९ मार्क. ऑक्टोबरला परत बसायचं ठरलं होतं, पण ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आली. मार्चला बसू म्हटलं, तर मार्चपर्यंत माझं लग्न ठरलं. तिथून पुढे कुणी विषय काढला नाही, मीही नाही.

२००८ पासून इथे आहे, ग्रीन कार्ड आहे. सहा वर्षं एका डे-केअरमध्ये असिस्टंट म्हणून काम करते. दोन वर्षांच्या मुलांची खोली माझ्याकडे असते. परवा डायरेक्टर बाई म्हणाल्या, सीडीए (लहान मुलांबरोबर काम करणाऱ्यांचं प्रमाणपत्र) करून घे, तुला ग्रुप टीचर करता येईल. सीडीएला १२० तासांचं प्रशिक्षण लागतं आणि मुलांबरोबर कामाचे ४८० तास. तास माझ्याकडे ढिगाने आहेत, पण आधी हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या बरोबरीची जीईडी ही परीक्षा हवी. मार्कशीटचं मूल्यमापन करणाऱ्या एका एजन्सीला पैसे भरून दहावीचे कागद पाठवले. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, 'इयत्ता दहावी पूर्ण'. हे तर मला आधीच माहीत होतं!

आता प्रश्न. जीईडी करू की भारतात जाऊन बारावीचा राहिलेला पेपर देऊ? इथले अ‍ॅडल्ट एज्युकेशनचे वर्ग कसे असतात? गणित मी दहावीनंतर हातात धरलेलं नाही, ते झेपेल का?

आणि एक. लेक बारावीत आहे. गेल्या महिन्यात कॉलेजच्या अर्जात 'आईचं शिक्षण' असा रकाना आला. तिने मान वर न करता विचारलं, "आई, तू ट्वेल्थ पास ना?" मी फोडणीत होते, हो म्हणून गेले. तिने 'हायस्कूल ग्रॅज्युएट' निवडून टाकलं. वरच्याच ओळीत 'काही हायस्कूल' असाही पर्याय होता, तो मला नंतर दिसला.

फिरस्ता

ताई, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं. इंग्रजी आता इतकं अवघड जाणार नाही तुम्हाला. फेब्रुवारी-मार्चला सुट्टी काढून जा, आईवडिलांचीही भेट होईल.

रात्रपाळी

फिरस्ता, सल्ला चांगल्या मनाने दिलाय, पण हिशोब करा. सतरा नंबर म्हणजे आधी महिनोन् महिने फॉर्म, शाळा सोडल्याचा दाखला, केंद्र. मग परीक्षेला महिनाभर तिकडे. मग निकाल, मग पुन्हा तीच मूल्यमापनवाली एजन्सी. ताईंच्या जागी ठेवेल का कुणी नोकरी तितके दिवस?

ताई, मी टेक्सासमध्ये जीईडी केलं, वयाच्या ३९व्या वर्षी, गोदामात रात्रपाळी करत. माझी तर दहावीच अर्धी होती. त्यामुळे आधी एक गोष्ट ऐकून घ्या: जीईडीला जुनं मार्कशीट कुणी मागत नाही. तुमचे ते २९ मार्क कुठेच लिहावे लागत नाहीत.

विषय चार. गणित, भाषा, विज्ञान, समाजशास्त्र. प्रत्येकाला १०० ते २०० गुण, १४५ला पास. एकेक विषय वेगवेगळ्या दिवशी देता येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन महिने चारही विषय एकदम घोकत बसले आणि सगळेच कच्चे राहिले. मग एका बाईने सांगितलं, एक धर, तो संपव, मग दुसरा. सोपा वाटतो तो आधी द्या. एक पास झाला की अंगात हुरूप येतो.

माझा सोपा म्हणजे समाजशास्त्र, ७० मिनिटांचा. निम्मा पेपर नागरिकशास्त्र आणि सरकार, उरलेल्यात अमेरिकेचा इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल. सनावळ्या पाठ करायला लागतील असं वाटलं होतं. तसं काही नाही. उतारा, तक्ता, आलेख, जुनं व्यंगचित्र देतात आणि त्यावर विचारतात. वाचता आलं की निम्मं काम झालं.

गणिताचं मात्र खोटं सांगत नाही, पहिल्यांदा मला १४१ पडले. परत बसायला थांबावं लागलं नाही. बहुतेक राज्यांत पहिल्या प्रयत्नानंतर दोनदा लगेच बसता येतं, तिसऱ्यांदाही गेलं तर ६० दिवस थांबावं लागतं. दुसऱ्या वेळी १४९.

शिकवणी

मी न्यू जर्सीतच एका लायब्ररीत आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा वर्गाला गणित शिकवते, स्वयंसेवक म्हणून. ताई, आपल्या राज्यात जीईडीबरोबर हायसेट ही तशीच दुसरी परीक्षाही चालते. त्यात पाच पेपर, कारण भाषेचं वाचन आणि लेखन वेगळं काढलंय. प्रत्येक पेपरला २० पैकी निदान ८, निबंधाला ६ पैकी निदान २, आणि सगळे मिळून ४५. म्हणजे नुसते आठ-आठ पाडून भागत नाही, हे लोकांना उशिरा कळतं. दोन्हींतलं काहीही केलं तरी राज्याचा डिप्लोमा मिळतो. वर्गात जे शिकवतात ते घ्या, उगाच तुलना करत बसू नका.

वर्ग शोधायचे तर काउंटी कॉलेज, मोठी लायब्ररी किंवा शाळा जिल्ह्याची अ‍ॅडल्ट स्कूल. सरकारी अनुदान असेल तिथे फी नसते. पहिल्या दिवशी टेब किंवा कॅसास नावाची चाचणी घेतात. ती पास-नापासाची नाही, कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवायला असते. तिला घाबरून पळालेली माणसं मी पाहिली आहेत. एक गृहस्थ तर गाडी लावून पार्किंगमध्येच बसून राहिले आणि परत गेले. पुढच्या वर्षी आले.

गणिताबद्दल. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या बायका माझ्या वर्गात अडतात त्या गणिताला नाही, नावांना अडतात. लसावि येतो, पण 'लीस्ट कॉमन मल्टिपल' म्हटलं की चेहरा कोरा. गुणोत्तर, प्रमाण, शेकडेवारी, सरळव्याज, सगळं डोक्यात असतं. म्हणून मी एक वही करायला लावते, डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी. दुसरी अडचण स्वल्पविरामाची. आपण १,५०,००० लिहितो, इथे १५०,०००. घाईत लाखाचे दहा हजार होतात. तिसरी, फूट-इंच-पौंड. यापलीकडे खरंच नवीन म्हणजे रेषेचा चढ आणि फलनं, त्याला महिना द्या.

जीईडीचा गणिताचा पेपर ११५ मिनिटांचा. पहिले ५ प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय, नंतर स्क्रीनवरच कॅल्क्युलेटर येतो. सूत्रांचा कागदही देतात, त्यामुळे शंकूचं घनफळ पाठ करू नका. अपूर्णांक आणि उणे संख्या मात्र बोटांवर हव्यात.

रात्रपाळी

शिकवणीताईंना अनुमोदन, आणि निबंधाचं मी विसरलेच. भाषेच्या पेपरात ४५ मिनिटं निबंधाला असतात. दोन उतारे देतात, एक एका बाजूचा, दुसरा विरुद्ध. कुणाच्या म्हणण्याला पुरावा भक्कम आहे ते उताऱ्यातली वाक्यं काढून दाखवायचं. तुमचं मत विचारलेलं नसतं! मी सरावात शाळेसारखा निबंध लिहिला, सुरुवातीला सुविचार, मध्ये 'माझ्या मते', शेवटी पुन्हा सुविचार. शिक्षिकेने तिन्ही खोडले आणि खाली लिहिलं, 'उतारा कुठे आहे?' टायपिंगही आत्तापासून करा. पेपर कॉम्प्युटरवर असतो, मी दोन बोटांनी टाइप करत वेळ घालवला.

भिजपाऊस

मी फक्त वाचतेय. माझीही बारावी राहिली आहे, पण माझ्या घरी अजून कुणाला माहीत नाही. ताई, तुम्ही पुढे काय झालं ते नक्की लिहा.

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. काउंटी कॉलेजच्या वर्गात नाव घातलं. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी ६ ते ९.

चाचणीत वाचन बरं आलं, गणित सहावीच्या आसपास. वाईट वाटलं, पण शिकवणीताई, तुमचा प्रतिसाद फोनवर उघडून पार्किंगमध्येच पुन्हा वाचला. (ते गृहस्थ आठवले.) वर्गात आम्ही अकरा जण. माझ्या शेजारी एक ग्वातेमालाची बाई, तिचा मुलगा माझ्याच डे-केअरमध्ये होता. तिने मला ओळखलं, आणि दोघींचेही चेहरे कानकोंडे झाले. आता आम्ही एकाच गाडीतून येतो.

वही केली आहे. डावीकडे 'छेद', उजवीकडे 'डिनॉमिनेटर'. हा एक शब्द लिहायला शिकण्यात माझा अख्खा गुरुवार गेला.

लेकीला सांगितलं. मला वाटलं होतं रडेल किंवा चिडेल. तिने लॅपटॉप उघडला, अर्ज अजून पाठवायचा होता, रकाना बदलला आणि म्हणाली, "आई, पण तू खोटं का बोललीस?" मला उत्तर सुचलं नाही. मग तीच म्हणाली, "फ्रॅक्शन्स मी शिकवते." शिकवते खरी, पण फार भराभर जाते. परवा मी म्हटलं, तुला अडीच पावसेर म्हणजे किती ते सांग आधी, मग मी तुझे फ्रॅक्शन्स करते. तोंडी काही सुटलं नाही तिला.

एक अडचण. जीईडीच्या साइटवर खातं उघडताना माहेरचं नाव टाकलं, कारण शाळेच्या दाखल्यावर ते आहे. लायसन्सवर मात्र सासरचं आडनाव. चालेल का?

रात्रपाळी

नाही चालणार! खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच लागतं, नाहीतर केंद्रावरून परत पाठवतात. आत्ताच कस्टमर सर्व्हिसला सांगून बदलून घ्या. दाखला विसरा, सांगितलं ना, इथे तो कुणी बघत नाही. आणि खऱ्या पेपरची तारीख घेण्याआधी 'जीईडी रेडी' ही सराव परीक्षा द्या. निकालात हिरवा पट्टा, म्हणजे तयारी झाली असा, आला तरच तारीख घ्या, पिवळा आला तर अजून दोन आठवडे. घरून ऑनलाइन पेपर द्यायचा असेल तर गेल्या ६० दिवसांतला हिरवा पट्टा लागतोच.

कृष्णाकाठची

नाव बदलून मागितलं, फोनवर ४० मिनिटं धरून ठेवलं पण झालं. समाजशास्त्राची सराव परीक्षा काल दिली, हिरवा आला. खरा पेपर पुढच्या महिन्यात शनिवारी, केंद्रावर जाऊनच देणार, घरी कुकरच्या शिट्ट्या होतात.

भिजपाऊस, तुम्ही कुठल्या राज्यात आहात?