मदत हवी आहे: लिंडबर्गवरचा जुना सिनेमा कुठे मिळेल?

मंडळी, ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ (1957) हा सिनेमा चांगल्या प्रतीत कुठे बघायला मिळेल? दिग्दर्शक बिली वाइल्डर, वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या भूमिकेत जेम्स स्टुअर्ट. मे 1927 मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने, साडेतेहतीस तास न थांबता केलेल्या त्याच्या उड्डाणावरचा, तोच.

बाबांनी तो तरुणपणी थिएटरात पाहिलाय. गोष्ट सांगताना ते दरवेळी आरशापाशी अडकतात: विमानातलं होकायंत्र लिंडबर्गच्या डोक्यामागे, म्हणून बघ्यांतल्या एका मुलीचा छोटा आरसा च्युइंगगमने समोर चिकटवतात! पुढे पेट्रोलची टाकी, त्यामुळे समोरची काचच नाही. आणि सोबतीला विमानात शिरलेली ती माशी.

मला मिळालेली प्रत दोन्ही बाजूंनी कापलेली निघाली. सिनेमास्कोपची, म्हणजे त्या रुंद पडद्याच्या चित्राची, पार वाट लावली आहे. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे इंग्रजी सबटायटल्स हवीतच. डीव्हीडी, ब्लू-रे, भाड्याने, काहीही चालेल, फक्त पायरेटेड नको.

जाता जाता, पंचविशीतला लिंडबर्ग म्हणून सत्तेचाळिशीचा स्टुअर्ट तुम्हाला पटला का? मला नाही. बाबा मात्र वाद घालतात, म्हणतात स्टुअर्ट स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमान उडवायचा!