पहिल्या बाजूचा सिग्नल गेला, तर दुसरा लोब काढायचा का?

ईएनटी_दादर
मोठा मल्टिनोड्युलर गलगंड, कॅन्सर नाही, टोटल थायरॉइडेक्टमी (थायरॉइडचे दोन्ही लोब काढणं) ठरली आहे. पेशंट गिरगावात गाणं शिकवणाऱ्या बाई. नर्व्ह मॉनिटर (नसेला करंट देऊन स्वरयंत्र हलतं का, ते ट्यूबवरच्या इलेक्ट्रोडने दाखवणारं मशीन) भाड्याने येईल. पहिला लोब काढल्यावर सिग्नल नाहीसा झाला तर कोणत्या क्रमाने काय तपासायचं? आणि गाणाऱ्या गळ्यासाठी लोबच्या वरच्या टोकाला वेगळी काय काळजी?

परळचा_सर्जन
सुरुवातीचं रीडिंग नसेल तर ‘सिग्नल गेला’ म्हणण्यात अर्थ नाही. लोबला हात लावण्याआधी वेगसवर (मानेतली मोठी नस, स्वरयंत्राची नस हिचीच शाखा) प्रोब टेकवा. १ मिलिअँपला ५०० मायक्रोव्होल्टच्या वर यायला हवं. आकडा लिहून ठेवा. शेवटीही वेगसच तपासा. नुसत्या रिकरंटवर (वेगसची स्वरयंत्राला जाणारी शाखा) भागवलं आणि प्रोब इजेच्या पुढे, स्वरयंत्राच्या बाजूला टेकला, तर सिग्नल झकास येतो आणि फसगत होते.

१०० मायक्रोव्होल्टच्या खाली उतरला की गेला समजा. मग वेगसला करंट देत क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राखालची कूर्चेची कडी) मागे बोट ठेवा. बोटाखाली टिचकी लागली तर नस चालू आहे, घोळ श्वासाच्या ट्यूबचा किंवा वायरींचा. टिचकी नसेल तर दुसऱ्या बाजूचा वेगस. तिथे सिग्नल आला, म्हणजे मशीन ठीक, दोष याच बाजूच्या नसेत. तिथेही नसेल तर भूलतज्ज्ञांकडे बघा.

खरोखर गेला असेल तर ताण सोडा, नसेजवळची क्लिप किंवा गाठ काढा आणि २० मिनिटं थांबा. मूळ आकड्याच्या निम्म्यापर्यंत परतला नाही, तर त्या दिवशी दुसऱ्या लोबला हात नको. साधा गलगंड कुठे पळून जात नाही. दोन्ही कॉर्ड (स्वरतंतू) बंद पडल्या तर ट्रॅकिओस्टमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र) आली. हे संमतीपत्रात आधीच लिहून घ्या आणि जास्त गरजेची बाजू पहिली करा.

नस डोळ्यांना अखंड दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. बेरी लिगामेंटपाशी (थायरॉइडला श्वासनलिकेशी बांधणारा पट्टा) लोब मधे ओढताना ती वर उचलली जाते आणि ताणली जाते. कापण्यापेक्षा ताणल्याच्या इजा कितीतरी जास्त.

भूल_माटुंगा
दोष बऱ्याचदा आमच्याच बाजूला सापडतो. इंट्युबेशनला सक्सिनिलकोलीन, किंवा रोक्युरोनियम ०.३ मिग्रॅ प्रति किलो, पुढे रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) नाही, नाहीतर सिग्नलच येत नाही. ट्यूबला लिग्नोकेन जेली बिलकुल लावू नका (सवयीने सिस्टर लावून देतात, आधीच सांगा). खांद्याखाली उशी देऊन मान मागे केली की ट्यूब वर सरकते. म्हणून पोझिशन दिल्यावर व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने पुन्हा बघायचं: इलेक्ट्रोडचा पट्टा कॉर्डच्या मधोमध, मगच चिकटपट्टी पक्की.

स्वरयंत्र_ठाणे
वरच्या टोकाबद्दल. सुपीरियर लॅरिंजियल नसेची बाहेरची शाखा क्रिकोथायरॉइड स्नायूला जाते, तोच कॉर्ड ताणून पट्टी चढवतो. ती गेली तर बोलणं ठीक वाटतं, पण तार षड्ज लागत नाही आणि तासाभराच्या शिकवणीत गळा दमतो. दुर्बिणीतून कॉर्ड हलताना दिसतात, त्यामुळे निदान हुकतं. ऑपरेशनआधी लॅरिंगोस्कोपीसोबत मंद्र ते तार सप्तकाचं रेकॉर्डिंग करून ठेवा.

मोठ्या गलगंडात ही शाखा वरच्या टोकाच्याही खालून जाण्याची शक्यता वाढते. सेर्नियाच्या १९९२ च्या वर्गीकरणातला २ब प्रकार तो हाच. त्यामुळे वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्यांचा सगळा जुडगा एकदम बांधायचा नाही. लोब खाली-बाहेर ओढून क्रिकोथायरॉइडच्या बाजूची पोकळी मोकळी करा, जागा नसेल तर स्टर्नोथायरॉइड स्नायू वरून कापा, आणि धमनीच्या शाखा एकेक करून ग्रंथीच्या कवचाला चिकटून बांधा. प्रोब लावल्यावर स्क्रीनपेक्षा स्नायूकडे बघा, तो फडफडतो. ट्यूबवर दर वेळी लाट उमटतेच असं नाही. अल्ट्रासॉनिक हत्याराचं टोक बंद केल्यावरही तापलेलं असतं. ओल्या गॉजला टेकवून मगच पुढचा घास.

ईएनटी_दादर
आभार सर. थांबलो तर दुसरी बाजू कधी?

परळचा_सर्जन
तारीख आधी देऊ नका. लॅरिंगोस्कोपीत ती कॉर्ड हलताना दिसली की मग. ताणलेली नस बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते महिन्यांत परतते. तोवर पाणी पिताना ठसका लागतो का, ते विचारत राहा.